बोंबलांची जोडी

थळहून बहिणीनं पाठवलेलं सुक्या बोंबलांचं पुडकं आज पुण्यात माझ्या ओट्यावर उघडलं, आणि तो वास नाकात शिरताच मी बारावीनंतरच्या उन्हाळ्यात, थळच्या आमच्या अंगणात आईशेजारी जाऊन उभी राहिले.

पावसाआधीचे शेवटचे बोंबील आम्ही दोघी वाळत घालत होतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. कितीही वारा सुटला तरी पडत नाहीत. बारीक दात बोटांना टोचायचे आणि खारं पाणी त्यात चुरचुरायचं.

मी तिला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं समजावत होते. सीईटीत झकास मार्क होते. बारावीत मात्र गणितात भरघोस आणि केमिस्ट्रीत कसेबसे काठावर. चांगलं कॉलेज मला घेईल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं.

"म्हंजे न्हाय घेतलं, तर तू हितंच ऱ्हाशील ना?" आईनं विचारलं.

"असं अभद्र काय बोलतेस गं, आये!" मी तडकले.

तिनं पुढची जोडी अडकवली.

प्रवेश मिळाला. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात अख्ख्या आळीनं माझ्यासाठी देवाला नारळ कबूल केले होते. मी जाऊ नये असं वाटणारी ती एकटीच होती.

पुडक्यात एक जोडी अजून तशीच अडकलेली निघाली. घरात कोणी नव्हतं. ती सोडवता सोडवता मी मोठ्यानं म्हटलं, "ऱ्हाते गं, आये."