आडवी पडलेली चिती

निलंग्याजवळच्या एका गावात मी सातवीला गणित शिकवते. त्या दिवशी फळ्यावर त्रिकोणी चिती काढली होती. खाली त्रिकोण, वर तसाच त्रिकोण, बाजूंनी तीन आयत. "त्रिकोण हा तिचा तळ," मी सांगितलं. मुलांनी लिहून घेतलं. मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची केलेली चिती टेबलावर आडवी ठेवली.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. फारसं न बोलणारी.

"मॅडम, आता खाली तर आयत हाय. मग तळ कोणता?"

"त्रिकोणच."

"पर तो तर बाजूला हाय."

मी व्याख्या पुन्हा वाचून दाखवली. ती खाली बसली, पण तिला पटलं नव्हतं, ते दिसत होतं. खरं तर मलाही नीट सांगता आलं नव्हतं. घरी जातानाही तोच प्रश्न डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी मी चिकणमाती मागवली, पोळ्याला बैल करतात तसली. प्रत्येकाने मातीची चिती केली. कुणाची वाकडी, कुणाची लांबलचक. मी शिवणाचा दोरा वाटला आणि म्हटलं, "आता कापून बघा."

त्या मुलीने आपली चिती आडवीच ठेवली आणि पाव कापावा तसे एकामागून एक काप केले. सगळे त्रिकोण एकसारखे. ते एकमेकांवर ठेवून तिने मापले. मग दुसरी चिती घेऊन, तीही आडवीच ठेवून, खालून वर आडवा दोरा ओढत गेली. या वेळी आयत निघाले, पण प्रत्येक वरचा आधीच्यापेक्षा अरुंद.

"मॅडम, ज्या बाजूनं कापल्यावर सारखंच निघतं, तो तळ. खाली काय हाय ते बघायचंच न्हाई."

मी म्हटलं, "हेच वहीत लिही. तुझ्याच शब्दांत."

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. बाकांवर सगळीकडे चिखल.

"हे काय करायलेत सगळे?"

"चिती कापायलोत, सर," चार-पाच जणांनी एकदम सांगितलं.

सर रागावतील असं वाटलं. त्यांनी बाह्या वर केल्या, एका मुलीकडून दोरा घेतला आणि एक काप काढला. तो तळहातावर घेऊन बाकावरच्या दुसऱ्या कापाशी जुळवून पाहिला.

"आमच्या वेळी नुसतं पाठ केलं होतं," ते म्हणाले आणि दुसरा काप काढायला वाकले.

चित्रकलेचा तासही आम्ही त्यातच घालवला.