आम्रपाली ओव्हाळ यांचं चुकीचं उत्तर

लोणी काळभोरजवळच्या एका कॉलेजात आम्रपाली ओव्हाळ अकरा वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होत्या. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, ते सुखी आहेत. मे महिन्यात तुम्ही कुणीच नसता आणि जूनमध्ये जुन्याच वर्गासाठी नव्यानं अर्ज करता. पेपर तपासायला बाई हव्यात, पाहुणे आले की प्रयोगशाळा दाखवायला बाई हव्यात, पण विभागाच्या फलकावर नाव लावायची वेळ आली की जागा पुरत नाही. बाई मांजरीहून स्कूटरवर निघायच्या, साडेसातला प्रॅक्टिकल सुरू करायच्या आणि दुपारी सदाशिव पेठेतल्या एका क्लासवर तेच पुन्हा शिकवायच्या. पीएच.डी. होऊनही सात वर्षं झाली होती.

शिकवण्यात मात्र त्या कुणाला ऐकत नसत. विशेषतः एका बाबतीत. रासायनिक क्रियेची ऑर्डर आणि मॉलेक्युलॅरिटी यांत जो गल्लत करील, त्याची वर्गात धडगत नसे.

"एका पायरीत किती रेणू एकमेकांवर आदळतात ते मोजा, ती मॉलेक्युलॅरिटी. ती कागदावर बसून कळते," त्या सांगायच्या. "पण कोणता पदार्थ कमी झाला की वेग मंदावतो, हे ऑर्डर सांगते. ते प्रयोग केल्याशिवाय कुणालाही कळत नाही. मलासुद्धा नाही."

मग त्या मिथाइल ॲसिटेटमध्ये आम्ल घातलेलं पाणी ओतायला लावत. भिडतात दोघं, एस्टर म्हणजे ते मिथाइल ॲसिटेट आणि पाणी, पण ऑर्डर येते एक. पाणी इतकं मुबलक असतं, की त्यातलं थोडं खर्च झालं तरी वेगाला फरक पडत नाही. दर दहा मिनिटांनी नमुना काढायचा, बर्फाच्या पाण्यात टाकायचा, मोजायचा. शेजारच्याचे आकडे उतरवलेले दिसले, की बाई वही परत करत आणि पुन्हा प्रयोगाला उभं करत. मुलं मागे शिव्या घालत असतील. घालोत.

अर्धा जिल्हा ज्या गाईडवर पास होतो, त्या डॉ. रणजित सरांच्या गाईडात मात्र छापलं होतं, 'रेणू दोन, म्हणून ऑर्डर दोन'. एवढ्या आवृत्त्या निघाल्या, पण ते वाक्य जागचं हललं नव्हतं. बाई दर वर्षी पहिल्याच तासाला गाईडं उघडायला लावून त्या ओळीवर लाल रेघ मारून घेत. गेल्या वर्षी ऋतुजा नावाच्या हुशार मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, हे पब्लिशरला मेल करून सांगायचं का?" बाई हसल्या होत्या. "कर की. वाचतंय कोण."

कॉलेजात रसायनशास्त्राची एक कायम जागा होती, अनुसूचित जातीसाठी राखीव. आठ वर्षांत तीनदा मुलाखती झाल्या, तिन्हींना बाई गेल्या, तिन्हींचा निकाल एकच : 'योग्य उमेदवार आढळला नाही.' एका मुलाखतीत तर त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. चहा घेणार का, एवढंच विचारलं. ज्या बाईनं तुमची प्रयोगशाळा अकरा वर्षं चालवली ती अयोग्य, आणि जागा रिकामी ठेवणारे तुम्ही योग्य! असो.

धाकटा भाऊ बुद्धभूषण शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करायचा. चौथी जाहिरात आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, या खेपेला पुन्हा तेच लिहिलं ना, तर मी त्यांना हायकोर्टात खेचतो. तुझ्या उत्तरांत खोट काढायला त्यांना जागाच नाही. माझी सगळी केस त्यावरच उभी आहे."

आई जयाबाईंचं मत वेगळं होतं. "कोर्ट-बिर्ट मागनं. आधी नोकरी पदरात पाड. मोठी मानसं बसल्यात, त्येंच्यासमोर शानपना करू नको. व्हय म्हन आन् ये."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी कॉलेजात गेल्यावर बाईंना समजलं, की विषयतज्ज्ञ म्हणून रणजित सर आले आहेत.

संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब मधोमध, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला सर. पहिली पंधरा मिनिटं चांगली गेली. इतकी चांगली, की बाईंना पहिल्यांदाच वाटलं, आज होईल. मग सरांनी शांतपणे विचारलं, "मिथाइल ॲसिटेटचं आम्लातलं जलविघटन. ऑर्डर किती?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. ज्या माणसाचं वाक्य आपण अकरा वर्षं खोडतोय, तोच आपल्या निकालावर सही करणार आहे. खरं उत्तर दिलं तर अध्यक्षांसमोर त्याचं पुस्तक चुकीचं ठरतं. बेचाळिसावं वर्ष सरत आलं होतं. आईचं 'व्हय म्हन' कानात होतं.

"दोन, सर."

"नक्की?"

"हो सर. रेणू दोन आहेत म्हणून."

सर किंचित हसले. त्यांनी बॅगेतून पुस्तक काढलं, कोरं करकरीत, आणि पान उघडून आप्पासाहेबांपुढे सरकवलं. "नव्या आवृत्तीत आम्ही ही चूक दुरुस्त केली आहे. तुमच्याच कॉलेजच्या एका विद्यार्थिनीनं कळवलं होतं. प्रस्तावनेत तिचे आभार मानलेत. ऑर्डर एक, मॅडम. हे बी.एस्सी.च्या मुलीला ठाऊक आहे."

आप्पासाहेबांना त्यातलं ओ की ठो कळलं नसणार, पण त्यांनी मान डोलावली. बाईंनी ती ओळ समोरून उलटीच वाचली. मी हेच शिकवते, ती मुलगी माझीच आहे, हे त्या क्षणी कुणाला सांगणार? आणि सांगितलं असतं, तर मग आत्ता खोटं का बोललात, याचं उत्तर काय होतं?

निकाल आठवड्यात लागला. 'योग्य उमेदवार आढळला नाही.' बुद्धभूषण खुशीतच होता. त्यानं माहितीच्या अधिकारात समितीचे शेरे मागवले. ते हातात पडल्या दिवशी तो कोर्टातून थेट मांजरीला आला, बूटही न काढता दारातच उभा राहून वाचू लागला.

"ऐक, काय लिहिलंय. 'उमेदवाराला ऑर्डर आणि मॉलेक्युलॅरिटी यांतला मूलभूत फरक माहीत नाही.' खाली प्रश्न, खाली तुझं उत्तर म्हणून 'दोन'. निर्लज्जपणाची कमाल आहे. ताई, या एका खोटेपणावर ते लटकणार आहेत. तुझी अकरा वर्षांची मुलं साक्षीला उभी करतो, तू काय शिकवतेस ते जजसाहेबांना सांगू दे त्यांना. तू फक्त प्रतिज्ञापत्र दे, की असं उत्तर मी दिलंच नाही."

आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. बाईंनी कागद हातात घेतला. तारीख, वेळ, प्रश्न, तिघांच्या सह्या. गेल्या तीन वेळचे कागद खोटे होते. हा नव्हता.

"भूषण, मी दिलं तसं उत्तर," त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं ताई थट्टा करतेय. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.