हौदात बुडवलेले हात

खर्ड्याच्या पलीकडं माळावरची जी गावं आहेत, तिथं होळी झाली की माणसं आभाळाकडं बघत नाहीत, रस्त्याकडं बघतात. टँकर रस्त्यानं येतो. जयाचं माहेर असल्याच एका गावातलं. टँकर आडात रिकामा व्हायचा आणि बायका पोहरे घेऊन आडावर तुटून पडायच्या.

जया लहान असताना आईनं एकदा अर्धा दिवस उन्हात उभं राहून हंडा भरून आणला. जया गोठ्यातनं आली, पाय शेणानं बरबटलेले, भुईचे चटके बसलेले. हंड्यातलं पाणी गार दिसलं. तिनं दोन्ही पाय आत सोडले. पोरबुद्धी, दुसरं काय.

आईनं मारलं असतं तर पोर दोन दिवसांत विसरली असती. आईनं हात उचलला नाही. हंड्यातल्या हिरव्या पाण्याकडं बघत ती एवढंच बोलली, "पान्यात घान करनाऱ्याच्या घरातलं मानूस पान्यावाचून मरतं. ध्यानात ठिव."

जयानं ध्यानात ठेवलं.

लग्न झालं ते वाल्मिकशी, तालुक्यातल्याच गावात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं, गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचं. संगमनेरकडच्या कारखान्याला त्यांची टोळी असायची. बरोबर सासू कडूबाई. ती मोळ्या बांधायची, स्वयंपाक करायची आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. टोळीतल्या बायका म्हणायच्या, "हिचं नाव ठिवनाराला आधीच समजलं हुतं."

पहिल्या खेपेला जयाला दिवस गेले आणि ती तशीच तोडीला आली. फडात मोळी उचलताना कळ आली. टेम्पो आणायला गेलेला माणूस टेम्पो घेऊन येईपर्यंत बांधावर, पाचटावर, पोरगी झाली. सातव्या महिन्यातली, मुठीएवढी. ती रडली नाही. नुसतं तोंड उघडायची, मिटायची, उघडायची. कडूबाईला उमगलं की ही राहत नाही. जाणाऱ्या जीवाच्या तोंडात पाणी घालावं म्हणून ती फडाच्या त्या टोकाला ठेवलेल्या पिंपाकडं धावली. तांब्या घेऊन आली तोवर तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. तरी तिनं थेंब सोडला. तो ओठाच्या कडेनं खाली ओघळला.

पोरीला कालव्याच्या कडेला पुरलं. कालवा काठोकाठ भरून चालला होता. जया त्या पाण्याकडं बघत बसली. तिच्या मनात हंडा होता, शेणाचे पाय होते. पोरगी कशानं गेली हे तिला पक्कं कळलं होतं. पण हे कुणाला सांगणार? वाल्मिकला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, काय येड्यावानी करती. सासूला सांगायची तर सोयच नव्हती.

दुसऱ्या खेपेला नऊ महिने नीट भरले. टोळी पुन्हा संगमनेरच्या बाजूलाच उतरली होती. शहराच्या कडेला एका ट्रस्टचं छोटं प्रसूतिगृह होतं. तिथल्या दोघीजणी आठवड्याला कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, येऊन गरोदर बायकांना तपासायच्या. एक बिस्मिल्लाबी, पन्नाशी उलटलेली, हाताखालून शेकड्यानं पोरं गेलेली. दुसरी तिची भाची सिमरन, नर्सिंग करून सुईणीचं वेगळं शिक्षण घेतलेली. सगळ्या तपासण्या बघून सिमरन म्हणाली होती, "जयाताई, सगळं चांगलं आहे. तुम्ही आमच्याकडंच या. कोमट पाण्यात बसून बाळंत व्हायची सोय आहे. कळा सोसायला बरं पडतं."

"पान्यात?" कडूबाई म्हणाली. "म्हस हाय का ती?"

"म्हशीला कुठं एवढे लाड असतात, आज्जी?" बिस्मिल्लाबी हसली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जयाला कळा सुरू झाल्या. आदल्या दिवशी जळक्या उसाचा फड तोडायला घेतला होता. कडूबाई मोळ्या टाकून तशीच उठून आली, अंगभर काजळी, हात कोपरापर्यंत काळे. वाल्मिक दोघींना सोडून बाहेरच्या बाकावर बसला.

आत गेल्या गेल्या सिमरननं बेसिन दाखवलं. "आज्जी, हात धुवून घ्या."

कडूबाईनं हात पदराला पुसले. "माजं काय काम हाय तितं? कोपऱ्यात बसंन. उगं पानी कशाला नासायचं?"

पांढऱ्या फरशीचा हौद होता, माणूस आडवं पसरंल एवढा. त्यात सोलरवर तापलेलं कोमट पाणी, बसलं की छातीएवढं येईल असं भरलेलं. तळाच्या फरशीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. जया दारातच थांबली.

"हे कुनासाठी?"

"तुज्यासाठी, बेटी."

"सगळं?"

तिच्या सासरी घरटी चार हंडे मिळायचे, तेही टँकर आला तर. बिस्मिल्लाबीनं हाताला धरून तिला आत उतरवलं. पाणी छातीशी आलं तसं तिचं अंग हलकं झालं. कमरेत सकाळपासून कुणीतरी पहार घालत होतं, ती पहार जरा मागं सरली. उभ्या जन्मात ती एवढ्या पाण्यात कधी बसली नव्हती. न्हाणीत तांब्या-तांब्यानं अंघोळ करणारी बाई. तिला रडू आलं.

"दुखतंय का?" सिमरननं विचारलं.

"न्हाई. बरं वाटतंय."

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. सिमरन मधूनमधून तिच्या पोटाला यंत्र लावायची आणि बाळाच्या छातीचे ठोके खोलीभर ऐकू यायचे, घोडा दौडत यावा तसे. कोपऱ्यात कडूबाई सटवाईचं नाव घेत होती. बिस्मिल्लाबीचेही ओठ हलत होते. देव काय, ज्याच्या त्याच्या तोंडात वेगळा, पण ऐकणारा एकच असावा.

मग कळांची जात बदलली. आता खाली जोर येत होता. अंग आपोआप कुंथायला बघत होतं. आणि जयाच्या ध्यानात आलं की आता जोर केला तर पोटात आहे ते सगळं पाण्यात येईल.

तिनं पाण्याकडं बघितलं. तळाच्या रेघा तशाच स्पष्ट.

तिनं दात आवळले आणि खालून अंग आवळून धरलं.

"जोर कर, बेटी. आता सोड," बिस्मिल्लाबी म्हणाली.

जया मान हलवायची आणि कळ आली की पुन्हा सगळं आवळून धरायची. कळ येऊन फुकट जायची. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. बिस्मिल्लाबीनं तिची कूस बदलली, कमर चोळली, हौदाच्या कडेला धरून उकिडवं बसवलं. डोकं अगदी दाराशी आलं होतं, पण पुढं सरकत नव्हतं.

"मला बाहीर काडा," जया एकदा म्हणाली, पण तेवढ्यात कळ आली आणि पुढचं बोलणं तोंडातच राहिलं.

"काय झालंय हिला?" कडूबाई कोपऱ्यातनं ओरडली. "आगं, ताकद न्हाई का अंगात? सकाळी भाकर खाल्ली न्हवं?"

सिमरननं यंत्र लावलं. घोडा दौडत नव्हता. दोन टापा पडायच्या, थांबायचा, पुन्हा एक पडायची. कळ सरली तरी तो लवकर उचल घेईना. सिमरनचा चेहरा उतरला. "मावशी, बाहेर घेऊया. मी गाडीला सांगते. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

त्या आवाजात जयाला दुसराच आवाज ऐकू आला. पाचटावर उघडणारं-मिटणारं तोंड. बांध फुटावा तशी ती फुटली. "न्हाई सोडता येत मला! पानी घान हुईल! पानी घान केलं की घरातलं मानूस पान्यावाचून मरतं. मी ल्हानपनी हंड्यात शेनाचं पाय घातलं हुतं. म्हनून माजी पोर तशी गेली. आता हे बी जाईल!"

यंत्रातनं ठोके अडखळतच होते.

"अगं वेडे," बिस्मिल्लाबी म्हणाली, "त्याच्यासाठीच तर इथं गाळणी ठेवलीय बघ. सगळ्या बायांचं होतं. पाणी बदलता येतं, बेटी."

गाळणी दिसत होती. शब्दही कानावर पडत होते. पण अंग ऐकत नव्हतं. इतक्या वर्षांची गाठ ती, अशी सांगून सुटते होय?

कडूबाई उठली. दोन ढांगांत हौदापाशी आली, गुडघ्यावर बसली आणि काजळीनं माखलेले दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.

"आज्जी!" सिमरन किंचाळली.

कडूबाईनं हात पाण्यात चोळले. काळा ढग पसरत जयाच्या गुडघ्यापर्यंत आला. तळाच्या रेघा दिसेनाशा झाल्या.

"झालं," ती म्हणाली. "पानी म्या घान केलं. तू न्हाई. कुनाला बाधायचं ते मला बाधंल. देवीआई, ऐकलंस ना? हिचं न्हाई, माजं नाव धर." मग सुनेकडं वळून नेहमीच्या आवाजात, "आता काय बघती माज्या तोंडाकडं? कर की जोर!"

पुढची कळ आली आणि जयाच्या अंगातली गाठ सुटली. ती ओरडली ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. सिमरननं तोवर तळाचं बूच काढून नळ सोडला होता. काळं पाणी खालून जात होतं, वरून स्वच्छ पडत होतं, आणि त्या गढूळ-स्वच्छात डोकं बाहेर आलं. मानेभोवती नाळेचा वेढा होता. बिस्मिल्लाबीच्या बोटांनी तो पाण्यातच सोडवला. दुसऱ्या कळेला पोर सगळी बाहेर आली. बिस्मिल्लाबीनं तिला उचलून जयाच्या छातीवर ठेवलं.

पोर निळसर होती. रडली नाही. तोंड उघडलं आणि मिटलं.

जयानं डोळे मिटून घेतले. हे तिनं एकदा बघितलं होतं.

सिमरन पोरीची पाठ पुसत होती, तळव्यांना टिचक्या मारत होती. बिस्मिल्लाबी पुटपुटत होती. कडूबाई तशीच गुडघ्यावर होती, हात हवेत धरलेले, अर्धे काळे, अर्धे धुतलेले.

आणि मग पोर शिंकली. शिंकली आणि करवादली, झोपमोड केल्यासारखी.

"आली," बिस्मिल्लाबी म्हणाली. "या अल्ला, आली."

पोरीचं नाव सृष्टी ठेवलं. पाचवीला सटवाईची पूजा कोपीतच मांडली. पूजेतला तांब्या भरून झाल्यावर कडूबाईनं उरलेलं पाणी गटागटा पिऊन घेतलं, ते एकट्या जयानं बघितलं.

त्या दिवसाबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून कडूबाई झोपताना उशाशी भरला तांब्या ठेवू लागली. रात्री उठून घोटभर प्यायची, मगच पुन्हा पडायची. फडात जाताना कमरेला बाटली बांधायची. बायका थट्टा करायच्या, "म्हातारीला शुगर झाली का काय?" कडूबाई म्हणायची, "झाली आसंल. तुजं काय जातं?" जया मान खाली घालून मोळी आवळायची. तिला कळत होतं. सासूला भीती वाटत होती.

सृष्टी सव्वा वर्षाची झाली. त्या साली पाऊस लांबला आणि टँकर जूनमध्येही चालूच राहिला. टँकरची वाट बघत उन्हात उभी असताना कडूबाई कोसळली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "गिळायची ताकद नाही. तोंडानं पाणी अजिबात देऊ नका, छातीत जाईल." नाकातनं नळी घातली. कडूबाईचे ओठ तडकले. शुद्धीवर असली की ती डाव्या हाताचा अंगठा तोंडाकडं न्यायची आणि जयाकडं बघायची. जया ओला कापूस ओठांवरून फिरवायची. आणखी काय करणार? बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकायची. नळीतनं पोटात गेलेलं पाणी देवाच्या हिशेबी प्यायल्यात धरतात का, हे कुणाला विचारायचं?

मग एक दिवस डॉक्टरांनी वाल्मिकला बाजूला घेतलं. "आता घरी न्या."

घरी आणून अंगणाकडच्या खोलीत निजवलं. सकाळी श्वास बदलला. लांब ओढायचा, थांबायचा. जया तांब्या घेऊन आली, त्यात तुळशीचं पान टाकलं.

"डॉक्टर न्हाई म्हनलेत," वाल्मिक म्हणाला.

"ते जगनाऱ्यासाठी म्हनले हुते," जया म्हणाली. "सरका."

तिनं सृष्टीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत चमचा दिला आणि वरून आपला हात धरला. पहिला चमचा ओठाच्या कडेनं ओघळून उशीवर गेला. पाचटावरचा थेंबही अगदी तसाच ओघळला होता.

तिनं सासूची मान जरा कुशीवर वळवली, डाव्या अंगाला, ज्या अंगात अजून जीव होता. चमच्यात थोडंसंच घेतलं. "आत्या," ती कानाशी म्हणाली, "तुमची नात पानी पाजतीय. घ्या."

कडूबाईचे डोळे उघडे नव्हते. पण कातडी लोंबलेला तो गळा एकदा वर गेला आणि खाली आला.

जयानं आणखी एक चमचा दिला. पुन्हा गळा हलला. तिसऱ्याला हलला नाही.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. आळीतल्या बायका हंडे घेऊन पळाल्याचा आवाज आला. वाल्मिक आईच्या पायाशी बसला होता, तोंडावर पंचा धरून.

"प्यायल्या," जया त्याला म्हणाली. त्याला काही कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, "दोन घोट प्यायल्या. पान्यावाचून न्हाई गेल्या."