जाड उंदीर आणि ताईचे केस

आमच्याकडे खानदेशात माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की आधी त्याची तब्येत न्याहाळतात. ‘अंगानं भरलास’ ही शाबासकी असते. ही सवय मी सुरतेला, इच्छापोरच्या बाजूच्या प्रयोगशाळेतही नेली. तिथं मी उंदीर सांभाळतो. काही उंदरांच्या जनुकांत असा बदल केला होता की वाढीचा एक घटक त्यांच्या शरीरात गरजेपेक्षा जास्त तयार व्हावा. ते भावंडांपेक्षा वजनदार झाले आणि मी खुशीत ‘तब्येत उत्तम’ अशी नोंद करत राहिलो. एका समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी तर हारासकट त्याच पिंजऱ्याशेजारी फोटो काढून घेतला.

पुढे ते उंदीर उघडून पाहिले. यकृत भलतंच मोठं, वर गाठी. पेशींना ‘वाढा’ म्हणून सांगणं थांबलंच नव्हतं. तेव्हापासून कुणी वाढीचं कौतुक केलं की मी विचारतो, कशाची?

थोरल्या बहिणीच्या स्तनातली गाठ काढली, केमो झाली, त्यानंतर तिचे केस विरळच आले. मुलीचं लग्न तोंडावर. सुरतेतच पर्वत पाटियाला एका चकचकीत क्लिनिकमध्ये टाळूत ग्रोथ फॅक्टरची, म्हणजे वाढीच्या घटकांचीच, इंजेक्शनं देतात, असं तिनं ऐकलं. मी सोबत गेलो.

“एकदम नॅचरल,” तिथला पांढरा कोटवाला म्हणाला.

“हिला कॅन्सर झाला होता, हे तुम्ही विचारलंच नाही.”

“काका, ए तो जूनी वात. आपणे वाळनी वात करीए ने!” ती जुनी गोष्ट, आता केसांपुरतं बोला, असं त्याचं म्हणणं.

मी ताईला बाहेर काढलं.

“मी काय तुना उंदीर शे का?” ती कडाडली.

“नाहीस. उंदराला काय टोचतोय ते आम्हाला माहीत तरी असतं.”

उंदरात झालं ते माणसात होईलच असं नाही, हे मलाही कळतं. त्या कोटवाल्याला मात्र तो प्रश्नही पडला नव्हता. माझा संशय तिथं होता. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, “आत्ता नको. आधी मला दाखवा.”

ताई तरातरा रिक्षात जाऊन बसली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिनं केसांचा टोप आणला आणि माझ्या मांडीवर आदळला.

“हाई बी तपासी ले. यामा काई वाढत तं नई ना?”