समेटाचा पाडवा

आमच्या क्रिकेट क्लबात पंचांशी हुज्जत घातली की दोन मॅचची बंदी. नियम लेखी आहे आणि तो मीच टाइप केलाय, कारण क्लबची सेक्रेटरी मी. एकदा पंचांनी एलबीडब्ल्यू दिला नाही म्हणून आमच्या एका बोलरने टोपी आपटली, तर सोमवारी दुपारपर्यंत त्याला ईमेल गेलासुद्धा. थांबा, दोन्ही बाजू ऐकू, बिचाऱ्याच्या नावाला बट्टा लागेल, असं तेव्हा कुणाला सुचलं नाही. आणि कॅप्टनच्या बायकोने ‘नवरा मला मारतो’ असं सांगितलं, तेव्हा मात्र आमच्या कमिटीला पुरावा, न्याय, माणुसकी सगळं एकदम आठवलं. अजूनही विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

क्लब म्हणजे इकडे परदेशात येऊन कॅसल हिल उपनगराच्या आसपास स्थायिक झालेली पुण्या-मुंबईची मंडळी. आठवडाभर लॅपटॉप, शनिवारी पांढरे कपडे. कॅप्टन मात्र खरा खेळाडू होता. भारतात बऱ्याच वरच्या पातळीवर खेळून आलेला, त्यामुळे आम्ही सगळे त्याला ‘सर’ म्हणायचो. रविवारी तो चौदा वर्षांखालच्या मुलींना फुकट शिकवायचा, माझी मुलगीही त्यात होती. तो सर, म्हणून त्याची बायको वहिनी. बावीस जणांचा चहा तिच्याकडे. इतक्या वर्षांत तिला कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, मीसुद्धा नाही.

कोविडच्या दुसऱ्या वर्षीच्या त्या लांबलचक लॉकडाऊनमध्ये व्यायामाला दोघींनी बाहेर पडायची परवानगी होती. पार्कातल्या तिसऱ्या चकरेला वहिनी म्हणाली, “मारतो तो मला. लग्न झाल्यापासून. आधी ऑफिस होतं, ग्राउंड होतं, आता दिवसभर घरातच असतो.” मी काय बोलले असेन? “सर? आपले सर?” शरम वाटते सांगायला, पण हेच बोलले. तिने जॅकेटची बाही वर केली.

तीन आठवड्यांनी तिचा दीड तासावरच्या वॉलॉंगॉंगहून फोन आला. तिथल्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या मैत्रिणीच्या ओळखीने तिने एक खोली घेतली होती. पोलिसांत जबाब दिला होता आणि कोर्टाने सरांना तिच्या जवळपास फिरकायला मनाई केली होती. मला सामान पाठवता यावं म्हणून तिने पत्ता दिला आणि म्हणाली, “मला क्लबकडून काही नको गं. त्याला मी कुठे आहे ते कळू नये, एवढंच. आणि तुमच्या लोकांना सांग, ‘मिटवून घ्या’ म्हणून फोन करू नका. आजच चार आले.”

मी झूमवर कमिटीची मीटिंग लावली. आमचे अध्यक्ष म्हणजे सगळ्यांच्या साखरपुड्यापासून मुंजीपर्यंत पुढे असणारा माणूस. ते म्हणाले, “आरोप आहे, सिद्ध झालाय का? आपण कोण ठरवणार?” मी म्हटलं, “तेच तर म्हणतेय! आपण कोर्ट नाही. म्हणून कोर्टाचं होईपर्यंत सरांना बाजूला ठेवा. कॅप्टनशिप नको, मुलींचं कोचिंग नको. यात त्यांना दोषी कुठे ठरवलं? तुम्ही सगळे मॅनेजर आहात. ऑफिसात अशी तक्रार आली तर त्या माणसाला टीम लीड म्हणून तसंच ठेवाल का? दर वर्षी त्यावरचं ते ऑनलाइन ट्रेनिंग क्लिक-क्लिक करून पास होता ना?” कुणीतरी म्हणालं, मैदानावरचं मैदानावर. कुणीतरी म्हणालं, सीझन तोंडावर आलाय, ओपनिंगला कोण जाणार? आणि अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, “अगं, संसार आहे तो. आपण जोडायचं बघू या.”

मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहिलं गेलं: खासगी बाब, क्लब तटस्थ. टाइप मीच केलं. तटस्थ म्हणे! सरांकडे कॅप्टनशिप राहिली, नेट्सची किल्ली राहिली, ग्रुपवर गुड मॉर्निंग राहिलं. वहिनीला मात्र बायकांच्या ग्रुपमधून काढून टाकलं, उगाच ऑकवर्ड नको म्हणून. सरांना ‘हँग इन देअर, मेट’ असे धीराचे मेसेज जात होते. तिला काय गेलं, तर ‘विचार कर, तोही खचलाय’. यांच्या तटस्थपणाला आग लागो.

आणि मग माती मी खाल्ली.

दिवाळीच्या आधी लॉकडाऊन उठला होता. अध्यक्षांच्या बायकोचा फोन आला. “बिचारी पहिल्यांदाच एकटी गं दिवाळीला. फराळाचा डबा पाठवते कुरिअरने, पत्ता दे ना.” मी दिला. हो, मीच. मीटिंगमध्ये तावातावाने भांडणारी मी. पत्ता सरांना कळू द्यायचा नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं, पण फराळासाठी पत्ता मागितला तर कशाला हवा असं विचारायची आपल्याला सवयच नाही. उलट मला बरं वाटलं, की चला, कुणाला तरी तिची आठवण आहे.

पाडव्याच्या सकाळी अध्यक्ष, त्यांची बायको आणि सर एका गाडीतून वॉलॉंगॉंगला गेले. सोबत डबा, नवी साडी आणि औक्षणाचं ताट, निरांजन-बिरांजन सगळं तयार. बेत असा, की डबा बघून ती दार उघडेल, पाडव्याच्या दिवशी नवऱ्याला ओवाळायला नाही कशी म्हणेल, तो ताटात साडी घालेल आणि झाला समेट. अध्यक्षांच्या बायकोने बेल वाजवून हाक मारली, “फराळ आणलाय गं.” तिने दार उघडलं. मागे तो उभा होता.

तिने दार लावलं आणि पोलिसांना फोन केला. पोलिस आले आणि कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून सरांना घेऊन गेले.

दुपारी अध्यक्षांचा मला फोन. “सणासुदीला पोलिस! आम्ही ताट घेऊन उभे आणि हिने पोलिस बोलावले! काही रीतभात?” मी म्हटलं, “ज्या माणसाला कोर्टाने लांब राहायला सांगितलंय, त्याला तुम्ही स्वतःच्या गाडीत बसवून तिच्या दारात नेलंत! ती आत एकटी होती!” ते म्हणाले, “अगं, पण पाडवा होता.” त्यानंतर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पत्ता त्यांना कुठून मिळाला हे मी विचारलंच नव्हतं. विचारायची गरजच नव्हती.

सर जामिनावर सुटले. पुढच्या शनिवारची टीम शीट आली, तर सरांचं नाव सगळ्यात वर, पुढे कॅप्टन. माझी मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. “सो ही स्टिल गेट्स टु बी कॅप्टन?” तिच्याशी खोटं बोलायचं तरी कशाला? मी सगळी मिनिट्स, सगळे मेसेज उचलले आणि आमच्या वरच्या असोसिएशनकडे पाठवले. तिथल्या एका अनोळखी बाईचा फोन आला. सर कसे खेळतात, त्यांनी क्लबसाठी काय काय केलं, यातलं तिने काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, “ती आत्ता सुरक्षित आहे का?” दोन दिवसांत सर बाजूला. केस संपेपर्यंत मैदान नाही, कोचिंग नाही. एवढंच करायचं होतं हो! कमिटीतले आम्ही बारा शिकले-सवरलेले लोक इतके महिने तिला हा एक प्रश्न विचारू शकलो नाही.

क्लबात आता माझ्याशी कुणी धड बोलत नाही. न बोलोत, माझं काही अडलेलं नाही.

असोसिएशनचा निर्णय आला त्याच दिवशी मी वहिनीला फोन केला. आधी कबूल केलं की पत्ता माझ्याकडून गेला. ती म्हणाली, “माहीत आहे. तुझ्याशिवाय कुणाला दिलाच नव्हता.” मग मी सरांना बाजूला केल्याची बातमी सांगितली. “बरं झालं,” ती म्हणाली, “मुली तरी सुटल्या. मी या रविवारी घर बदलतेय.”

“कुठे?” मी विचारलं. तोंडातून निघूनच गेलं.

ती म्हणाली, “रागावू नकोस हं. पण तुला नाही सांगणार.”