चिचुंद्री कोणत्या खान्यात

एकटी कशी म्हणते ते? तीन लेकरं संगं घेऊन गेली न लालबर्र्याले मायच्या घरी. म्या एक ताट काय फेकलं, बायको दोन महिन्यापासून तिथंच. काल फोनवर म्हणे, "मी इथं एकटी हाव." म्या म्हटलं, "अन तीन लेकरं का हवेत हायेत?" अन ठेवला फोन.

हसू नको संतोष. बैहरच्या जंगलात मॅडमचे पिंजरे लावतो तवापासून एकटी कोणाले म्हणाव, मले समजूनच नाई राह्यलं. मॅडम चिचुंद्र्यायवर शिकून राह्यली. तिथले किस्से सांगाले बसलो तं तुही जीप गोंद्याले जाऊन वापस येईन.

*

तिच्या कागदावर चार खाने: एकटी, जोडी, टोळी, माहीत नाही. कोण कशी राह्यते ते लिवाचं. म्या म्हटलं, "जात एक तं खाना एक."

"नाही दादा, एकाच जातीत काही एकट्या राहतात, काही जोडीनं."

"मंग?"

"दोन्ही खाने भरायचे."

आमच्या गावात असं निवडणुकीतच होते.

*

हप्ताभर पिंजऱ्यात एक-एकच सापडली. म्या सगळीकडं एकटी लिवलं. मॅडम म्हणे, "दुसरी आत शिरू शकली असती का?"

"कशी शिरन? पहिली शिरली का दार बंद. दुसरी का बेल वाजवन?"

तिनं हप्त्याभराचं सगळं खोडलं. लिवलं, माहीत नाही.

*

मंग एका ढिल्या दाराच्या पिंजऱ्यात दोन सापडल्या. म्या खुशीत जोडी लिवलं. मॅडम येवपर्यंत एकीनं दुसरीले अर्धी खाल्ली.

"मॅडम, आता कोणता खाना?"



*

अन आज सकाळी. बांधावरून चिचुंद्री चालली. मागं पाच पिल्लं, एकाची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात, रेलगाडीवानी. म्या ठोकून टोळी लिवलं. मॅडमनं खोडून एकटी केलं.

माहं डोकं सरकलं. "सहा हायेत मॅडम. बोटानं मोजले म्या."

"पिल्लं तिच्याच भरोशावर आहेत दादा. ते मोजत नाहीत. मोठं कोणी होतं का सोबत?"

"नाई."

"मग एकटीच."

*

जीप काढ संतोष. लालबर्र्याले जाचं हाय. आत्ता.