एतिये येशीहारेगच्या घराची टोपी

आमच्या पंचांगाप्रमाणे २००७ सालच्या तह्सास महिन्याची अकरा तारीख, शनिवार. त्या दिवशी एतिये, म्हणजे थोरल्या ताई, येशीहारेग बाजारात गेल्या आणि तीन हजार दोनशे साठ बिर्र देऊन अठरा पत्रे आणि खिळ्यांची पुडी घेऊन आल्या. पत्रे वस्तीतल्या यिमरच्या खेचरावर लादलेले होते. खेचराचं नाव बालचा. ते पाऊल टाकी तसे पत्रे वाजत, आणि कड्याच्या काठाने येणारा तो खडखडाट ऐकून अर्धी वस्ती दारात आली.

"कुणाची वरात, एतिये?" कुणीतरी विचारलं.

"माझीच. या वेळी नवरा पत्र्याचा केलाय. हा तरी गळणार नाही."

त्यांचे आधीचे दोन्ही नवरे दारू पिऊन घरात गळून पडत, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघेही आता चर्चमागच्या ओलिव्हच्या झाडांखाली शेजारी शेजारी आहेत. एतिये सणाला दोघांनाही शिव्या घालून येतात, वयाप्रमाणे, थोरल्याला आधी.

पत्रे आणले यात वावगं काही नव्हतं. अडचण होती ती पाहुण्यांच्या मंडळाची. आमच्या पठारावर परदेशी पाहुणे चालायला येतात. एका खेपेला सहा-सात जण, त्याहून जास्त नाहीत. बहुतेक केस पिकलेले. कड्याच्या काठाने तीन दिवस सावकाश चालायचं, वाटेतल्या वस्त्यांवर जेवायचं आणि पाळीपाळीने एकेका घरी कॉफी घ्यायची. मंडळ गावाचं आहे, हिशेब मी ठेवतो. पाहुणे पाठवते अदिस अबाबातली एक कंपनी, आणि तिचे नियम आहेत. मुलांना पेनं वाटायची नाहीत. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. हे नियम चांगले होते, गावाला मानवले. मात्र शेवटचा नियम असा होता, की ज्या घरी पाहुणे नेणार त्या घरावर पारंपरिक गवताचंच छप्पर हवं.

हा नियम सभेत वाचला तेव्हा एतिये उठून उभ्या राहिल्या होत्या.

"त्यांच्या देशात घरावर काय असतं?"

"कौलं असतात, पत्रे असतात," मी म्हणालो.

"मग आपण तिकडे गेलो तर ते उतरवून ठेवतील का?"

सभा हसली आणि नियम मंजूर झाला. आमच्या सभेत असंच होतं.

पाहुणे एतियेंना मनापासून आवडत. "हातात ओझं नाही, मागे गुरं नाहीत, आणि चालायचे पैसे देतात," त्या म्हणत. "अशा माणसाला कॉफी पाजली नाही तर पाप लागेल." कॉफी पाजण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. फक्त एक सल होता. आमच्याकडे कॉफीच्या तीन फेऱ्या होतात आणि तिसरी आशीर्वादाची. पाहुण्यांना मात्र वेळापत्रक असे. पहिला पेला झाला की त्यांना उठवत, आणि एतिये दारातून ओरडत, "अर्धा नमस्कार करून निघालात!"

त्या पेल्या-पेल्याच्या पैशातूनच पत्रे आले होते. आधीच्या वर्षी गारांनी गवत फोडून कणगीतले जव भिजवले. छप्पर शाकारायला घरात पुरुष नव्हता आणि गवताचं कुरण गावाने राखीव केलेलं. तेव्हा एतियेंनी मनाशी ठरवलं, की मरायच्या आधी एक पावसाळा कोरडं झोपायचं. पण घर यादीतून गेलं तर पाहुणे गेले, आणि पाहुणे गेले तर वर्षाचं मीठ, तेल, रॉकेल गेलं. त्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो आमच्या पठाराबाहेर कुणाला सुचला नसता. त्यांनी पत्रे ठोकले आणि वरून जुनं गवत पुन्हा घातलं.

लांबून घर अगदी पूर्वीसारखं दिसे. पण पत्रा गुळगुळीत आणि उतार तीव्र. गवत दर दोन-चार दिवसांनी घसरायचं. टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेल्या राखणदारासारखं घर दिसू लागलं, की एतिये लांब काठी घेऊन गवत वर ढकलत आणि त्यावर दगड ठेवत.

"एतिये, टोपी नीट करा, साहेब येतायत!" जाणारे-येणारे म्हणत.

"तू तुझी विजार सांभाळ," त्या काठी न थांबवता म्हणत.

तीन महिन्यांनी, मेगाबितमध्ये, कंपनीची रेदियेत स्वतः एक गट घेऊन आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हुशार, शिकलेली, उपास कडक पाळणारी मुलगी. या खेपेला ती घरं तपासणार होती आणि यादी नव्याने करणार होती. कॉफीची पाळी नेमकी एतियेंची. घरोघरचे पैसे द्यायचे म्हणून मी बरोबर होतो, आणि दमलेल्यासाठी बालचाला घेऊन यिमर. गटात न्यूझीलंडची नोरीन नावाची म्हातारी होती. मेंढ्यांच्या मळ्यावर जन्म गेलेला, पाय मजबूत, पण या उंचीवर तिला पाच रात्री झोप नव्हती. रेदियेतने त्या सकाळीच मला, थोरल्यांना म्हणतात तसं गाशे म्हणून, सांगितलं होतं, "गाशे, आज नाही झोपली तर उद्या तिला गाडीने परत पाठवते."

वरच्या धारेवर आलो आणि खाली वस्ती दिसली. मधोमध काहीतरी लखलखत होतं. टोपी घसरली होती.

"ते काय चमकतंय?" रेदियेतने विचारलं.

मी घसा साफ करत राहिलो. यिमर मात्र शांतपणे म्हणाला, "चर्च."

आता आमच्या मुलखात दुरून चमकणारं छप्पर चर्चचंच असतं, त्यामुळे हे खोटं अगदीच वाईट नव्हतं.

"कुणाच्या नावाचं?"

"संत मिकाएल. फार जागृत."

रेदियेत थांबली. तिने डोक्यावरून पांढरी ओढणी घेतली, क्रूसाची खूण केली आणि त्या दिशेला तीनदा कमरेत वाकली. ते पाहून नोरीनने टोपी काढली आणि तीही वाकली. मग बाकीचे पाचही परदेशी अदबीने एका रांगेत वाकले. सगळे एतियेंच्या पत्र्यांना. मी आणि यिमर ताठ उभे राहिलो असतो तर शंका आली असती, म्हणून आम्हीही वाकलो.

पुढच्या वळणावर यिमरने कानाशी हात नेला आणि दरीतून हाळी दिली. आमची हाळी म्हणजे एकेक अक्षर फर्लांगभर ताणलेलं. शहरात वाढलेल्या कानाला त्यातून काही उमगत नाही.

"कुणाला हाक मारलीत, गाशे?"

"खेचराला पाणी काढून ठेव म्हणालो."

म्हणाला होता असं, की येशीहारेग, टोपी वर कर, पोलीस येतायत.

आम्ही खाली पोहोचेपर्यंत छपरावर गवत जागच्या जागी होतं. एतिये दारात धापा टाकत उभ्या होत्या, केसांत काड्या, हातात काठी. घाईत दगड ठेवायला वेळ मिळालेला नव्हता, हे मला दिसलं.

"चर्च कुठे गेलं?" रेदियेतने इकडेतिकडे पाहिलं.

"झाडीमागे," यिमर म्हणाला.

आत सगळं ठीक चाललं होतं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, निखाऱ्यावर धूप, भाजलेल्या कॉफीचा वास, परडीत भाजके जव. रेदियेतने वर पाहिलं. एतियेंनी आतून पत्र्याला बोरूच्या चटया लावून त्या धुराने काळ्या केल्या होत्या. तिने समाधानाने मान हलवली. पहिला पेला झाला. "चला, निघू या," ती म्हणाली, आणि आभाळ कोसळलं.

गारा. लिंबाएवढ्या. आधी वरून धपधप आवाज आला, मग सर्रकन काहीतरी सरकलं, दारात पेंढ्यांचा डोंगर येऊन पडला आणि घरात काळोख झाला. सगळी टोपी एकदम उतरून उंबऱ्यावर बसली होती. आणि उघड्या पत्र्यावर जो काय ढोल सुरू झाला, तो मी जन्मात विसरणार नाही.

"हा आवाज कसला?" रेदियेत ओरडली.

एतियेंनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून.

"आवाज कसला आहे?"

एतियेंनी तिच्या उघड्या तोंडात मूठभर जव प्रेमाने कोंबले आणि दुसरी फेरी ओतायला घेतली.

सगळं उघडं पडलं होतं. फक्त बोलायची सोय नव्हती. दुसरी फेरी त्या गडगडाटात झाली. आवाज जरा उतरला तेव्हा निराळाच आवाज ऐकू आला. मातीच्या ओट्यावर नोरीन आडवी झाली होती आणि घोरत होती.

तिच्या सोबतिणीने रेदियेतला काहीतरी सांगितलं. रेदियेत आमच्याकडे वळली. "ती म्हणते, नोरीनचं माहेरचं घर पत्र्याचं होतं. पावसाचा असा आवाज झाला की ती लहानपणापासून झोपते." मग हलक्या आवाजात, "कुणी उठवू नका तिला."

"मग तिसरी फेरी होईल," एतिये म्हणाल्या. निखाऱ्यांच्या उजेडात त्यांनी पदर खोचला. "पोरी, आता सरळ सांग. माझं घर यादीत राहिलं की गेलं?"

"एतिये, नियम आहे."

"नियम तुझा, घर माझं. तुमच्या पाहुण्यांच्याच पैशाने हे पत्रे आले. चार पैसे आले की माणूस आधी डोकं झाकतं. आणि तुम्ही म्हणता, डोकं उघडं ठेव, फोटो छान येतो."

रेदियेतने वर पाहिलं, चटईच्या फटीतून चमकणाऱ्या पत्र्याकडे. मग हळूहळू तिची मान यिमरकडे वळली.

"गाशे यिमर. ते मिकाएलचं चर्च कुठे आहे?"

यिमरने पेला खाली ठेवला. "पोरी, आपण आतच बसलोय."



"मी तीनदा वाकले!"

"चारदा," यिमर म्हणाला. "उतारावर पुन्हा एकदा."

"पाहुण्यांनाही वाकवलं!"

"कुणाला वाकवलं? कशाला?" एतियेंना हे नवीन होतं. यिमरने त्यांना सगळं सांगितलं, वाकून दाखवलंसुद्धा. एतिये इतक्या हसल्या की त्यांना कॉफीचं भांडं खाली ठेवावं लागलं. मग डोळे पुसून त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "येत्या रविवारी चर्चच्या दारात सगळ्या बायका भेटतील. काय सांगू त्यांना, पोरी? तू सुचव."

रेदियेतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते की काय असं मला वाटलं. खांदे हलत होते. हात काढले तेव्हा ती हसत होती, पण आवाज ऑफिसातला काढला.

"छपरावर सुटं गवत असणं पाहुण्यांना धोक्याचं आहे. आज माझ्या डोळ्यांदेखत पडलं. ते उद्याच्या उद्या काढून टाका. खाली जे काही असेल ते चालेल."

"यादी?"

"राहिलं."

एतियेंनी तिसरी फेरी ओतली आणि आशीर्वाद दिला, मुलीला, झोपलेल्या म्हातारीला, शेवटी पत्र्यांनाही.

गारा थांबल्यावर दाराशी खसखस झाली. पेंढ्यांना भोक पडलं, उजेड आला, आणि उजेडातून बालचाचं तोंड आत आलं. आमच्या सुटकेसाठी त्याने बरंचसं छप्पर खाल्लं होतं.

सौद्यातली आपली बाजू एतियेंनी पाळली. रविवारी चर्चच्या दारात त्या काही बोलल्या नाहीत. यिमर बोलला. तेव्हापासून त्यांच्या घराला सगळे मिकाएल म्हणतात, आणि जवळून जाताना मुलं मुद्दाम वाकतात. एतिये काठी उगारतात. ती काठी आता तेवढ्याच कामाला येते. नोरीन दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत पायी चालली. वस्तीत आता अकरा पत्र्याची घरं आहेत आणि कॉफीच्या तीन फेऱ्या वेळापत्रकात लिहिलेल्या आहेत.

त्या शनिवारी बाजारात एतियेंना खिळ्यांपुरते पैसे कमी पडले होते. ते मी भरले. पंचेचाळीस बिर्र. अजून यायचे आहेत.